पंख्यात अडकलेले केस

माझा लॅपटॉप मी घरात नसतानाच बंद पडायचा. हे लक्षात यायला मला तीन आठवडे लागले, आणि एकदा लक्षात आल्यावर मात्र घरात मला दुसरं काही दिसेना.

तो गेमिंगचा लॅपटॉप आहे, पण त्यावर आजवर कोणी एकही गेम खेळलेला नाही. इमारत उभी राहायच्या आधी तिच्यातला फ्लॅट आतून कसा दिसेल, याची चित्रं मी करते. हॉलमध्ये ऊन कुठून येईल, सोफ्यामागच्या भिंतीवर सावली किती पडेल, असलं सगळं. एकेक चित्र पुरं व्हायला मशीनला पाच-सहा तास जोर लावावा लागतो. साध्या लॅपटॉपला ते झेपत नाही, म्हणून हा घेतला. जाडजूड, वजनदार, मागच्या कडेला दोन जाळ्या. काम जोरात चालू असलं की त्या जाळ्यांतून हेअर ड्रायरसारखी गरम हवा बाहेर येते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार मला नायगावला बिल्डरच्या ऑफिसात बसावं लागतं. त्या दिवशी सकाळी चित्र लावायचं, झाकण मिटायचं आणि मनवेलपाड्यातल्या आमच्या घरातून निघायचं, अशी माझी पद्धत होती. संध्याकाळी येईपर्यंत चित्र तयार असायचं. दिवाळीनंतर ते थांबलं. संध्याकाळी यावं तर लॅपटॉप गार. चालू केला की पडद्यावर निरोप, अति गरम झाल्यामुळे मशीन बंद करण्यात आलं. चित्र अर्धं, सोफा आहे आणि भिंत नाही.

मी घरी असले की काही व्हायचं नाही. तेच काम, तीच खोली, तेच टेबल. पंखे गुरगुरायचे, पण मशीन दिवसभर चालायचं. आणि दिवस तर डिसेंबरचे, उन्हाळ्यावर ढकलावं म्हटलं तरी सोय नव्हती.

मी नसले की घरात दिवसा एकटे अण्णा असायचे. अण्णा म्हणजे माझे सासरे. मुंबईत एका छापखान्यात आयुष्य काढलेला, मालवणकडचा, कमी बोलणारा माणूस. सासूबाई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्या गेल्यापासून ते आणखी कमी बोलत. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना त्यांना बघवत नाही, हे मला लग्नापासून माहीत होतं. आणि मी लॅपटॉपसाठी छताचा पंखा मुद्दाम चालू ठेवून जात होते. माझ्या मनात पहिला संशय आला तो असा.

"अण्णा, दुपारी तुम्ही आतल्या खोलीतला पंखा बंद करता का?" मी एका संध्याकाळी विचारलं.

"नाही."

"लॅपटॉपला हात लावता?"

"मला काय करायचाय तुझा लॅपटॉप?" ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले. पेपर कालचा होता. हे मी मनात टिपून ठेवलं.

पुढच्या सोमवारी मी पंख्याच्या बटणावर पांढरी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर पेनाने बारीक रेघ ओढली. संध्याकाळी रेघ जागच्या जागी, पट्टी जशीच्या तशी, आणि लॅपटॉप बंद. नवऱ्याने ती पट्टी पाहिली.

"तू माझ्या बापावर पाळत ठेवतेस?"

"पंख्यावर ठेवतेय."

त्या रात्री त्याने अण्णांचं ताट स्वतः वाढलं.

मग मी लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम टाकला. मशीनचं तापमान तो मिनिटामिनिटाला लिहून ठेवतो आणि त्याची रेघ काढून दाखवतो. बुधवारची रेघ सकाळी साडेनऊपासून एक वाजेपर्यंत सरळ होती, ऐंशी अंशांच्या आसपास. एक वाजून दहा मिनिटांनी ती चढायला लागली. नव्वद, पंच्याण्णव, सत्त्याण्णव. पावणेदोनला तुटली. शुक्रवारची रेघ मी तिच्या शेजारी ठेवली. तीसुद्धा एक वाजून गेल्यावरच चढली होती. अण्णांचं जेवण साडेबाराला होतं. जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीत येऊन काहीतरी करत होते, याबद्दल मला आता शंका उरली नव्हती. काय करत होते, एवढंच कळत नव्हतं. त्यांना वस्तू झाकून ठेवायची सवय आहे. मिक्सर, टीव्ही, इस्त्री, सगळ्यांवर फडकं. लॅपटॉपवरही टाकत असतील, धूळ बसू नये म्हणून.

"आधी मशीन तर दाखवून आण," नवरा म्हणाला. "मग माणसांचं बघ."

स्टेशनच्या पश्चिमेला एक दुरुस्तीवाले आहेत. पन्नाशीचे, मूळचे राजोडीचे, गल्लीतल्या छोट्या दुकानात एकटेच काम करणारे. दुरुस्तीला आलेल्या लॅपटॉपमधले चांगले भाग काढून जुने बसवतात, असं मी ऐकून होते. म्हणून निघण्याआधी मी मागच्या प्रत्येक स्क्रूवर नेलपेंटचा ठिपका दिला. दुकानात त्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि ते ठिपके पाहून हसले.

"ताई, बसा इथंच. माझ्या हाताकडं बघत ऱ्हावा. मला राग नाय."

मी बसले आणि खरंच हाताकडे बघत राहिले. त्यांनी पत्रा काढला, दोन्ही पंखे सोडवले आणि पंखा नि जाळी यांच्या मधल्या फटीतून चिमट्याने काहीतरी ओढून काढलं. गोधडीतल्या जुन्या कापसासारखा दाट, भुरा थर होता तो. चांगला दोन बोटं रुंद.

"मांजर हाय ना घरात?"

"नाही."

"कुत्रा?"

"आमच्याकडे कुठलंच जनावर नाही."

"मंग हे कोनाचे?" त्यांनी चिमटा माझ्या डोळ्यांसमोर धरला. "धूळ असती तर चुरगळली असती. हे केस हायत, ताई. आमच्याकडं चार मांजरी हायत, मला वळकतात."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की हा थर यांनी दुसऱ्या कुठल्या तरी लॅपटॉपचा आधीच काढून ठेवला असेल आणि आता मला दाखवत असतील. पण मी त्यांच्या हातांवरून नजर काढली नव्हती. तरीही मी म्हणाले, "तो थर मला द्या. मी घेऊन जाते." त्यांनी वर पाहिलं, वर्तमानपत्राचा तुकडा फाडला आणि केस त्यात गुंडाळून दिले. मग आतली उष्णता वाहून नेणारी जुनी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, जाळ्यांतून हवा मारली. जाताना म्हणाले, "झाकन उघडं ठिवत जा. मिटलेलं मशीन गुदमरतं."

सोमवारी मी झाकण उघडं ठेवून गेले. संध्याकाळी चित्र तर अर्धं होतंच, शिवाय कीबोर्डवर काहीतरी दाबलं गेल्यामुळे कामच थांबलं होतं. बुधवारी मी पुन्हा झाकण मिटलं. एक वाजता रेघ चढली.

त्या संध्याकाळी मी बाल्कनीत जाऊन तो कागद उघडला. केस भुरे होते, टोकाशी काळपट. दुकानात मी त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, दुकानदाराकडे पाहत होते. आता पाहिलं आणि ओळखलं.

ही मांजरी आमच्या जिन्यात असायची. सासूबाई तिला दाराशी बशीत मासळीची डोकी घालायच्या. जिन्यात वास सुटायचा, शेजारी तोंडावर काही म्हणत नसत पण मागे बोलत. एकदा तिने माझ्या जुन्या लॅपटॉपची वायर कुरतडली, तेव्हा मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, "आई, हे मांजर घरात नको, दारातही नको." त्यांनी वाद घातला नाही. बशी खाली पार्किंगमध्ये नेली. गुडघे दुखत असताना दोन मजले उतरून जायच्या. मी ते पाहत होते, आणि बोलले काहीच नाही.

दोन दिवस मी घर नव्याने पाहिलं. संध्याकाळी दूध सकाळच्या चहानंतर उरलेलं असायचं त्याहून कमी. ओट्यावर तडा गेलेली एक बशी धुऊन पालथी घातलेली. सासूबाई गेल्यावर अण्णांनी मासे सोडले होते, तरी त्यांच्या कापडी पिशवीला बोंबलाचा वास. या सगळ्या गोष्टी रोज माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी मात्र बटणावरची रेघ तपासत होते.

शुक्रवारी नायगावच्या ऑफिसात मी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि बाराला निघाले. सव्वा वाजता आमच्या दारापाशी होते. किल्ली कुलपात हळू फिरवली. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरताना मला बरं वाटत नव्हतं, पण परत फिरण्याइतकं वाईटही वाटलं नाही.

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज येत होता.

"आज उशीर केलंस गो. मी कधीचो थांबलंय."

ते मालवणीत बोलत होते. घरात ते मालवणी फक्त सासूबाईंशी बोलायचे. ती भाषा मी वर्षभरात ऐकली नव्हती.

मी दारात उभी राहिले. मांजरी मिटलेल्या लॅपटॉपवर पाय दुमडून बसली होती. अंगाचा मागचा अर्धा भाग थेट जाळ्यांवर, शेपूट खाली लोंबत. अण्णा खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले होते, मांडीवर ताटली, आणि उकडलेल्या मासळीतला एकेक काटा वेचून ताटलीच्या कडेला लावत होते. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या माणसाची बोटं. माझ्यासाठी किंवा नवऱ्यासाठी त्यांना इतक्या निगुतीने काही करताना मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं आणि इतक्या घाईने उठले की ताटली खाली पडली. मांजरीने फक्त एक कान वळवला.

"मी आत्ताच घालवतो हिला," ते म्हणाले. हात पुढे केले, पण उचललं नाही.

"तिच्यामुळे मशीन बंद पडतं, अण्णा. ती हवेची वाट अडवून बसते."

"मला माहीत नव्हतं. ते गरमच असतं असं मला वाटलं. थंडी सुरू झाल्यापासून ती त्याच्यावरच येऊन बसते."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"तू पंख्याचं विचारलंस. मी पंख्याला हात लावला नाही. लॅपटॉपलाही नाही." थोडं थांबून म्हणाले, "मांजराचं विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"खरंच सांगितलं असतंत?"

त्यांनी विचार केला. "नाही."

मी पलंगावर बसले. ते उभेच होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. शेवटी मीच खाली पडलेली मासळी गोळा करायला लागले, तेव्हा तेही वाकले. वाकलेले असतानाच बोलले.

"तेराव्याचे सगळे पाहुणे गेले ना, त्या दुपारी ही दाराशी येऊन ओरडायला लागली. तिला सांगणार कसं? म्हणून दार उघडलं."

तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार. माझं वेळापत्रक त्यांना माझ्यापेक्षा पक्कं पाठ होतं. मला लागलं ते हे. कोणीतरी माझ्याच घरात, आठवड्यातले तीन दिवस, मी कधी एकदा बाहेर पडते याची वाट बघत होतं. मी त्यांच्यावर पाळत ठेवली ती महिनाभर. ते माझ्यावर वर्षभर लक्ष ठेवून होते.

मग जे विचारायला नको होतं ते मी विचारलं. "आईसुद्धा मी नसताना हिला घरात घ्यायच्या?"

अण्णांनी काटे एका मुठीत गोळा केले. "ते तू तिला विचारायला हवं होतंस," ते म्हणाले आणि ओट्याकडे गेले.

मी मांजरीला हाकललं नाही. तिला दोन हातांनी उचलून जमिनीवर ठेवलं. तिचं पोट इस्त्री केलेल्या कपड्यासारखं गरम होतं. दोन मिनिटांत लॅपटॉपच्या पंख्यांचा सूर उतरला.

तडजोड व्हायला पंधरा दिवस लागले. दुरुस्तीवाल्यांकडून मी लोखंडी तिरका स्टँड आणला. लॅपटॉप त्यावर उघडा ठेवला की मांजरी घसरून खाली यायची आणि आमच्याकडे रागाने बघायची. "मांजर निघालं," मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "निघनारच की. केस काय हवेतून येतात?" त्यांची माफी मागावी असं वाटलं होतं, पण दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मी तशीच निघाले. कीबोर्डवर तिचा पाय पडला तरी काम थांबू नये म्हणून मी त्याला कुलूप लावायला शिकले. जाळ्यांच्या मागे हातभर अंतर सोडून अण्णांनी एक खोकं ठेवलं, आत त्यांचा जुना स्वेटर. गरम हवा बरोबर त्या खोक्यात जायची. पहिले काही दिवस मांजरीने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग एका दुपारी ती त्यात शिरली आणि तिथलीच झाली. मशीन ब्याऐंशी अंशांच्या वर जात नाही. चित्रं पुरी होतात. आता ती मंगळवारी आणि गुरुवारीसुद्धा येते, मी समोर असतानाही.

फेब्रुवारीत आम्ही तिला लस टोचून आणायला वसईला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रिक्षात भाजीची टोपली अण्णांच्या मांडीवर, वर फडकं बांधलेलं. दवाखान्यात कार्ड भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "पाळणाऱ्याचं नाव काय लिहू?"

मी अण्णांचं नाव सांगणार, तोच ते म्हणाले, "सूनबाईंचं लिहा. घर तिचं आहे."

बाईंनी लिहिलं. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ते टोपलीवरचं फडकं सारखं करत होते. ते मान देऊन म्हणाले की टोचून, हे मला तेव्हा कळलं नाही. परतीच्या वाटेवर विचारायचं असं ठरवलं होतं, पण रिक्षात ते टोपलीत बोट घालून मालवणीत काहीतरी पुटपुटत राहिले, आणि मी रस्त्याकडे बघत बसले.