देव्हाऱ्यात ठेवलेला लखोटा

मुळगावच्या मालतीने देवीला विचारल्याशिवाय आयुष्यात मोठं काही केलं नव्हतं. गुरव प्रसाद लावायचा, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायचा, आणि उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, नवऱ्याची खाणीतली कारकुनी, सगळं उजव्या पाकळीवर ठरलं होतं. डावी पडली होती एकदाच. पणजीत बी.ए. झाल्यावर म्हापशाच्या हायस्कुलातून तिला नेमणुकीचं पत्र आलं, तेव्हा. वडील म्हणाले, "देवी नको म्हणते, बाये." मालती गेली नाही. कधी कुरकुरलीही नाही. पत्र मात्र तिने अजून ट्रंकेत जपून ठेवलं होतं.

तिची एकुलती लेक गौरवी वेगळ्या वळणाची. गोवा घटक राज्य झालं त्या धामधुमीत शाळेत मराठी की कोकणी असा वादविवाद ठेवला होता. हिने सकाळी मराठीची बाजू मांडली आणि कोकणीकडून बोलणारा मुलगा आजारी पडला म्हणून दुपारी कोकणीचीही. दोन्हीकडे टाळ्या घेतल्या. तिचा बाप सुधीर तेव्हाच म्हणाला, "हिला वकील करूया, नाहीतर ही आपल्यावरच खटला भरेल."

बारावी झाल्यावर गौरवीने बंगळूरच्या कायद्याच्या विद्यापीठाची प्रवेश परीक्षा दिली. देशभरातली मुलं आणि जागा मूठभर. परतताना ती गाडीत एवढंच म्हणाली, "तर्काचा पेपर सोपा होता. इंग्रजीने घाम काढला."

मेच्या अखेरीस एका गुरुवारी जाड लखोटा आला. गौरवी मावशीकडे हळर्णला गेली होती. मालतीने लखोटा उजेडाकडे धरून पाहिला, हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवला. देवीच्या कानावर आधी घालायचं, मग उघडायचा. पण सदाशिव गुरवाच्या घरी सुतक होतं, मंगळवारपर्यंत प्रसाद लावायचा नव्हता.

"बी.ए. झालीस ती लखोट्यांची पूजा करायला?" सुधीर म्हणाला.

"मग तुम्ही फोडा."

"मी नाही गो. नाव लेकीचं आहे." त्यालाही धीर नव्हताच.

चार दिवस मालती येता-जाता देव्हाऱ्याकडे बघत राहिली.

सोमवारी दुपारी गौरवी आली. पाय धुतले, देवाला हात जोडले आणि तशीच थबकली. "आई, हे कधी आलं?"

"गुरुवारी. उद्या प्रसाद घेऊन मग..."

गौरवीने लखोटा फाडला. वाचता वाचता तिचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. तर्कात भरघोस गुण होते, इंग्रजीत बेताचे. प्रतीक्षायादीतून तिला जागा मिळाली होती. जागा हवी असल्याचं सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत फोनवर कळवायचं होतं, नाहीतर ती पुढच्या मुलाला जाणार होती.

"सोमवार म्हणजे आज, आई."

घड्याळात सव्वाचार झाले होते. म्हापशाचं ते पत्र मालतीला ट्रंकेतून डोळ्यांसमोर आल्यासारखं झालं. एकदा स्वतःचं गेलं, आता लेकीचं? तेही तिच्याच हातून?

गावात फोन नव्हता आणि डिचोलीची बस पाचला होती. मालती तशीच घरच्या लुगड्यावर लेकीला घेऊन रस्त्यावर धावली आणि खनिजाचा ट्रक हात दाखवून थांबवला. ड्रायव्हर धाकू ओळखीचा निघाला.

"वहिनी, तुम्ही? ह्या ट्रकात?"

"बोलू नको रे. डिचोली. उडव."

एसटीडी बूथमध्ये दोघी शिरल्या तेव्हा तांबड्या धुळीने माखल्या होत्या. बंगळूरची लाइन तीनदा एंगेज लागली. चौथ्यांदा घंटा वाजली. गौरवी इंग्रजीत आपलं नाव, क्रमांक सांगू लागली आणि मालती काचेबाहेरून तिच्या ओठांकडे बघत राहिली. बाराएक मिनिटं कमी होती पाचला.

गौरवीने रिसीव्हर ठेवला. "बाई म्हणाल्या, नाव लिहून घेतलं. पत्र मागून पाठवा. म्हणाल्या, तुमचीच वाट बघत होतो."

मालती बूथच्या पायरीवर बसली. लेक म्हणाली, "आई, तुझ्या नाकावर केवढी माती आहे गो!" तेव्हा मात्र दोघी अशा हसल्या की बूथवाला उठून बाहेर आला.

मंगळवारी मालती नारळ घेऊन देवळात गेली. सदाशिवाने सवयीने पाकळ्या पाण्यात बुडवल्या.

"मुलीचं ना? काय विचारू देवीला?"

"विचारायचं काही नाही, सदाशिव. मी सांगायला आलेय."

त्याने पाकळ्या तबकात परत ठेवल्या आणि नारळासाठी हात पुढे केला.