पहिला नंबर, हातात औक्षणाचं तबक

मूर्खपणा कबूल करते. मोटरसायकलची शर्यत मी जिंकले, आणि दुसऱ्या नंबरवाल्याला ओवाळायलाही मीच उभी राहिले. कोणी जबरदस्ती केली नव्हती. हौसेनं.

तेविशीची होते. आईची जरीची साडी, कोपराला आदल्या दिवशीच्या पडण्याची खपली. तुकोगंजातला एक हॉल. समोर पाटावर क्लबच्या अध्यक्षांचा भाचा. शेवटच्या तीन फेऱ्या तो माझ्या मागच्या चाकाची धूळ खात होता.

सकाळी अध्यक्ष स्वतः घरी आले होते. आमच्या मिलच्या चाळीत त्यांची मोटार! म्हणाले, "औक्षण आपल्यातल्याच मुलीनं करावं." आपल्यातली! त्या एका शब्दावर मी विरघळले. आईनं दिलेल्या पाण्याला त्यांनी ओठ लावला नाही, ते मला दिसलंच नाही. वा रे चॅम्पियन!

कुंकू लावलं. अक्षता टाकल्या. निरांजन फिरवलं. त्यानं आ केला, मी पेढा भरवला. त्याची लाळ बोटांना लागली. आजही नातवंडांना भरवताना मध्येच ती आठवते आणि मी बोटं पदराला पुसते. त्याच्यापेक्षा माझीच किळस जास्त येते. फोटो आहे ना. नुसती बत्तिशी दाखवतेय बया.

मग अध्यक्ष माइकवर आले. नियम साधा होता: पहिला येईल त्याला पुढच्या मोसमासाठी क्लबची गाडी. मी पदर सावरून तयार.

"गाडी आमच्या भाच्याकडे. ताईंना साडी. झाली हौस, आता लग्नबिग्न करतील. क्यों भिया, ठीक है ना?"

हॉल हसला. भाचाही हसला. दातांत माझा पेढा.

मी तबक खाली ठेवलं. साडीचं पाकीट पाटाशी टाकलं. पदराचं टोक घेतलं आणि त्याच्या कपाळावरचं कुंकू पुसून काढलं. घासून. नीट.

एक काकू किंचाळल्या, "अगं, अपशकुन!"

मी म्हटलं, "हे पहिल्या नंबरचं कुंकू आहे. माझं आहे."

एवढं बोलून बाहेर आले आणि पायरीवर बसून भोकाड पसरलं. क्लबची गाडी गेली होती, आणि शर्यतीपुरती उसनी आणलेली परत करायची होती. गाडीच नाही तर कसली रेसर!

पुढे तीनदा चॅम्पियन झाले, भंगारातून उभ्या केलेल्या गाडीवर. त्या हॉलची पायरी पुन्हा चढले नाही. परवा त्याच क्लबचा फोन. "आजी, या वर्षीच्या विजेत्यांचं औक्षण तुमच्या हातून हवंय." मी विचारलं, "यंदा पहिली एक मुलगी आलीय ना? ती कुठे बसणार?"

"ती स्वागताला. दारात, गुलाबपाणी घेऊन."

फोन आपटला. थू! इतक्या वर्षांत फक्त तबक बदललं.

त्या पोरीचा पत्ता काढलाय. भंवरकुआंला होस्टेलवर राहते. उद्या जाणार आहे. पायरीवर रडत होते तेव्हा आमचे मिस्त्रीकाका, तीन महिने त्या उसन्या गाडीशी झटलेले, समोर येऊन जे म्हणाले, तेच तिला ऐकवणार आहे. शब्द न बदलता:

"हो गया रोना? तू त्याला पेढा भरवावास म्हणून मी ते इंजिन नव्हतं खोललं. माझ्याकडे भंगारात एक गाडी पडलीय. कल सुबह गॅरेजवर ये, पाना हातात घे. आणि साडी नेसून आलीस ना, तर दारातूनच हाकलीन."