नानांचा पाईप आणि माझं चुंबक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाकडे येईपर्यंत माझी मान खाली गेलेली असेल. चहा ओता, बसा. चांगुलपणाच्या भरात मी कशी माती खाल्ली ते ऐका.

मी जनार्दन. किन्हवलीत सगळे मला जनू म्हणतात. शहापूरहून मुरबाडकडे निघालात की रस्त्याला लागून माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ग्रिल, शटर, गेट, जिन्याचं रेलिंग, सगळं करतो. दुकानाच्या दारात दोरीला एक चुंबक टांगलेलं असायचं. जुन्या लाऊडस्पीकरमधून काढलेलं, तळहाताएवढं.

चुंबकाचं काय एवढं? अहो, आमच्याकडे लग्नात मामाकडून येणारी भांडी आधी माझ्या दुकानात यायची! चुंबक चिकटलं की माल हलका, नाही चिकटलं की स्टील अस्सल. बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या. मी चुंबक लावणार, डोळे मिटणार, मग मान हलवणार. डॉक्टरसुद्धा एवढा भाव खात नसेल! एका मामाची मी भर हळदीत अशी फजिती केली होती की तो अजूनही दुकानासमोर गाडीचा वेग वाढवतो.

तर असा मी चुंबकतज्ज्ञ. आता नाना.

गणूनाना माझे वस्ताद. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या बॉयलरवर त्यांनी उभी हयात घालवली. वेल्डिंगचा हात मला त्यांनीच दिला. रिटायर झाल्यावर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकाचं ऑपरेशन झालं, पण नजर म्हणावी तशी आली नाही. दुसऱ्याचं ते टाळत राहिले. मग हळूहळू लोकांनी त्यांना काही विचारणं सोडून दिलं. काळा चष्मा लावून दुकानात येऊन बसायचे, आणि माझ्या वेल्डिंगचा नुसता आवाज ऐकून म्हणायचे, "करंट कमी कर रे, जालतोस तू." दर वेळी बरोबर! पण त्यांना विचारत कोण होतं? मी तरी कुठे विचारत होतो?

आणि एके दिवशी विचारणारा आला. सरळगावच्या पुढे फार्महाउस बांधलेले समीर साहेब. डोंबिवलीचे, काम कॉम्प्युटरचं, नाद गाड्यांचा. त्यांच्याकडे एक जुनी जपानी गाडी होती, रोटरी इंजिनाची. म्हणजे त्यात पिस्टन वर-खाली होत नाही, एक तिकोनी तुकडा गरागरा फिरतो. त्या इंजिनाला त्यांना टर्बो लावायचा होता. टर्बो म्हणजे एक पंखा. इंजिनाच्या तापलेल्या धुरावर तो फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. इंजिनातून त्या पंख्यापर्यंत धूर नेणारे जे पाईप असतात, त्यांच्या जोडणीला मॅनिफोल्ड म्हणतात. ते त्यांना हवं तसं तयार मिळेना.

साहेबांनी दहा जणांना विचारलं होतं, मॅनिफोल्ड कशाचं करू? दहा जणांनी अकरा धातू सांगितले. शेवटी कुणीतरी नानांचं नाव घेतलं, तर हे थेट नानांच्या पडवीत जाऊन बसले. "नाना, माल तुम्ही निवडा. तुम्ही म्हणाल तो."

नाना त्या दिवशी दुकानात जवळजवळ धावतच आले.

"जनू! मला विचारला रे त्यांनी! माल मी निवडनार, वेल्डिंग तू मारनार."

"वा, नाना!"

"आन हे काम झाला ना, का दुसरा डोला पन करून घेतो. लोकं विचाराय लागली, आता दिसाय पायजे."

इतकं खूश मी त्यांना कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मला शिव्या घालायला सोपं जाईल.

नाना स्वतः कल्याणला जाऊन माल निवडून आले. टेम्पो आला तेव्हा मी डोळखांबला शटर बसवत होतो. परत आलो तर दुकानात एक गोणपाट, त्यावर नातीच्या अक्षरात चिठ्ठी: 'हाच माल वापर. नाना.'

गोणपाट उघडलं. आत काळपट, जाडजूड, वजनानं मरणाचे पाईप आणि त्यांचे वळणाचे बेंड. एवढी भारी गाडी आणि हा माल? माझा हात आपोआप चुंबकाकडे गेला.

खटाक!

असं चिकटलं की काढायला दोन हात लागले. मी तसाच घरात गेलो. घर दुकानाच्या मागेच आहे.

"सुरेखा, नानांना फसवला गो कुनीतरी! दिसत नाय बघून लोखंड गल्यात मारलं."

"मग नानांना विचारा ना," कुकर लावता लावता माझी बायको म्हणाली.

"विचारू? म्हातारा खचेल! इतक्या वर्षांनी कुनी विचारलंय त्यांना."

"अहो, पन एकदा फोन तरी..."

"तुला त्यातलं काय कलतं?"

हे वाक्य मी बोललो. माझ्या बायकोला. आजही स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी ते मला ऐकू येतं.

माझा विचार बघा किती उदात्त! नानांची अब्रू वाचवायची. कुणाला न सांगता माल बदलायचा. वाशिंदच्या एका बंगल्याच्या रेलिंगचे पाईप माझ्याकडे उरले होते. चकचकीत, भांग पाडता येईल असे! चुंबक लावलं, ढिम्म चिकटेना. झालं, अस्सल माल! आर्गन वेल्डिंग असं मारलं की टाके मोजून घ्यावेत. बफ मारला. स्वतःचंच तोंड त्यात बघून घेतलं. मूर्ख माणसाचं तोंड मला तेव्हा ओळखू आलं नाही.

आता हे चकाकतं मॅनिफोल्ड साहेबांनी बघितलं तर? पण तीही सोय झाली. उष्णता बाहेर पडू नये म्हणून गुंडाळायची एक कापडी पट्टी त्यांनी आधीच आणून दिली होती. मी सगळं मॅनिफोल्ड मोडलेल्या पायासारखं गुंडाळून टाकलं आणि पोचवलं.

साहेबांनी हातात घेतलं. "अरे, हलकं झालंय एकदम!"

"नानांची निवड, साहेब."

असं म्हणालो मी. वर आणि नम्रपणे हसलोसुद्धा.

आणि नानांचे ते जाड पाईप? सुरेखा कधीची मागे लागली होती, अंगणात पाणी तापवायला चूल करून द्या म्हणून. त्या बेंडांचे तीन पाय केले, वर भांडं ठेवायला गोल कडी मारली. चूल अशी दणकट झाली की वर रेडा ठेवला तरी डगमगली नसती. बायको खूश. मी खूश. नानांची अब्रू शाबूत!

मग आला तो रविवार. सकाळी फार्महाउसवर गाडी सुरू करायची होती. नाना इस्त्रीचा शर्ट घालून आले, आणि एकटे नाही आले. बॉयलरवरचे दोन जुने सोबती बरोबर आणले. एक म्हात्रेकाका, एक भोईरकाका. का आणले असतील, सांगा ना? गाडी बघायला थोडेच आले होते ते!

नानांनी गुंडाळलेल्या मॅनिफोल्डवरून हात फिरवला. बोटानं वाजवून बघितलं, पण कापडामुळे आवाज येईना.

"बारीक वाटतो रे, जनू."

"पट्टी घट्ट बसलीय, नाना."

इंजिन सुरू झालं. काय आवाज! माळावरचे सगळे बगळे उडाले. साहेबांनी फार्मच्या रस्त्यावर एक फेरी मारली, दुसरी मारली. नाना कान देऊन ऐकत होते, चेहरा फुललेला. तिसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा बदलला. आम्हाला कुणाला काही कळायच्या आधी.

"बंद करा! बंद करा साहेब, शिवन जाते!"

टण्ण!

मग फस्स करून जाळ आणि धूर. बॉनेट उघडलं तर टर्बो एका अंगाला लोंबकळत होता. पाईप वेल्डिंगच्या कडेनं सरळ फाटला होता, आणि वर जळकी पट्टी.

साहेब बिचारे सभ्य. ते एवढंच म्हणाले, "जाऊ दे नाना, होतं असं. बहुतेक माल..."

तेवढ्यात नानांनी हात जोडले. माझ्या वस्तादांनी! "साहेब, जनूची शिवन कधी फाटत नाय. माल मी निवडला. माझा डोला चुकला."

म्हात्रेकाका चप्पल बघायला लागले. भोईरकाका उगाच आभाळ बघायला लागले.

आणि मी? एक वाक्य बोलायचं होतं हो, 'माल मी बदलला.' तीन शब्द! मी पाना उचलला आणि नट मोजायला लागलो.

परतताना गाडीत मी विचारलं, "नाना, डोल्याची तारीख कधीची घेताय?"

"आता कशाला? विचारनार कोन हाय?"

नाना दुकानात यायचे बंद झाले. मी रोज ठरवायचो, आज जाऊन सांगायचं. पहिल्या दिवशी काकड्या घेऊन गेलो, काकड्या देऊन आलो. दुसऱ्या दिवशी केळी. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीचा न बिघडलेला पंखा दुरुस्त करून आलो. चौथ्या दिवशी नानांची सूनच म्हणाली, "जनूभाऊ, तुमची तब्येत बरी हाय ना?" असे पंधरा दिवस गेले. सांगणं काही झालं नाही.

शेवटी सुरेखानंच नानांना जेवायला बोलावलं. वालाचं बिरडं नानांना आवडतं. जेवण व्हायचं होतं, म्हणून नाना अंगणात चुलीपाशी बसले. चूल विझलेली होती. उठताना आधाराला त्यांनी चुलीचा पाय धरला, आणि हात तिथेच थांबला. मग बोटाच्या पेरानं पायावर टकटक केलं. कान जवळ नेला. पुन्हा टकटक.

मी दारात उभा. हातात पाण्याचा तांब्या.

"गो सुरेखा, ही चूल कोनी केली?"

"ह्यांनी!" ती बिचारी कौतुकानं म्हणाली; गाडीचं काय झालं ते मी तिला सांगितलंच नव्हतं. "तुमी पाठवलेलं ना, ते लोखंड निघालं. चुंबक चिकटला. मंग ह्यांनी साहेबांना रेलिंगचा चांगला स्टील लावला. तुमाला नाय सांगितला?"

मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि अंगणात उतरलो.

नाना पुन्हा चुलीपाशी खाली बसले. मग शांतपणे म्हणाले, "बॉयलरचा पाईप हाय हा, जनू. शिवन नसलेला, अख्खा. चुंबक लागनारच. रोटरीचा धूर साध्या इंजिनापेक्षा लय कडक. त्यात तुझा रेलिंगचा स्टील तापला का जास्त फुगतो, थंड झाला का आखडतो. त्यात पातल. आन वर टर्बो लटकलेला. फाटंल नाय तर काय?"

"नाना, मला वाटलं तुमाला फसवला..."

"मग विचारायचा रे! साहेब लांबून आला, त्यानं विचारला. तू माझ्या शेजारी बसतोस."

मला रडूच आलं. खरंच सांगतो, घोड्यासारखा माणूस मी, अंगणात उभा राहून रडलो.

"पाईप बदललास त्याचा काय नाय," नाना म्हणाले. "मी हात जोडले तवा तू नट मोजत व्हतास. त्याचा वाईट वाटला."

ते नट सहा होते, आजही पक्कं आठवतं.

मग नानांनी पुन्हा चुलीवर टकटक केलं, आणि एकदम हसले. "गो, पंधरा दिस आग लावलीस ना? काय झाला का ह्याला?"

"काय सुदा नाय, नाना. नुसता काला झाला."

"मग माझा डोला बरोबर व्हता," नाना म्हणाले. मला नाही, स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी चूल मोडली. नवीन पाईप आणतो म्हटलं तर नाना हटून बसले, हाच लावायचा. राख खरवडून, घासून त्याच बेंडांचं मॅनिफोल्ड केलं. नाना स्टुलावर बसून ऐकत होते. मी दर टाक्याला विचारत होतो, "बरोबर, नाना?" शेवटी तेच वैतागले. "गप टाका मार ना रे!"

पुढच्या रविवारी तीच जागा, तीच माणसं. दोन्ही काकांना मी स्वतः जाऊन बोलावलं. गाडी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगितलं, माल मी बदलला होता आणि नंतर गप्प बसलो होतो. साहेबांनी बॉनेट उघडून पाईप एकदा स्वतः हलवून बघितला. म्हात्रेकाकांनी मला जे ऐकवलं ते चहासोबत सांगण्यासारखं नाही. मग गाडी निघाली. सात फेऱ्या झाल्या, आठ झाल्या, आणि नानांचा चेहरा काही बदलला नाही.

साहेबांनी फोटो काढून मित्रांना पाठवले. त्यांनी विचारलं, मटेरियलची टेस्टिंग कुठे केली? साहेबांनी खरं तेच कळवलं: किन्हवलीत, आंघोळीच्या पाण्याखाली.

दुकानाच्या दारात आता चुंबक नाही. स्टूल आहे, त्यावर नाना असतात. भांडी घेऊन आलेल्या बायका त्यांच्याकडे जातात, ते बोटानं वाजवून सांगतात. मी मागे ग्रिल करतो.

चुंबक घरात फ्रिजवर गेलं. त्याच्याखाली नानांच्या दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या तारखेची चिठ्ठी आहे, मला विसर पडू नये म्हणून. सुरेखा येता-जाता चुंबकाकडे बघते आणि म्हणते, "एवढ्या वर्षांत पयल्यांदा ते चिकटलं आन तुमी माल खोटा ठरवला नाय."