डस्टरला हात लावायचा नाही

नव्वदच्या दशकात सांगलीच्या कॉलेजात माझ्याबरोबर एक माणदेशी लेक्चरर होता. फंक्शनल प्रकारच्या कॉम्प्युटर-भाषेतल्या प्रोग्रामांना सगळ्या कॉम्प्युटरवर चालतील अशा खिडक्या अन् बटणं हवीत, म्हणून परदेशातल्या मंडळींबरोबर तो ईमेलवर लायब्ररीचा, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा तयार कोडच्या संचाचा, आराखडा करायचा. लॅबच्या फळ्यावर खिडकी काढायचा. बटण दाबल्यावर काय होईल, ते दाखवायला शेजारी दुसरी काढायचा. मी डस्टर उचलला की ओरडायचा, "पुसू नगं गड्या! या भाषेत जुनं तसंच ऱ्हातं. बदल म्हंजी नवं करायचं." फळा भरला की सरळ भिंतीवर.

एका दुपारी मेल आली. मंडळींनी दुसऱ्याचा आराखडा घेतला होता. "त्येचा लय सोपा हाय. बराबर केलं त्यांनी," एवढंच बोलून त्यानं स्वतःच डस्टर घेतला आणि फळा पुसला.

पुढं लॅबला रंग दिला, तेव्हा भिंतीवरची खिडकी मी पुसू दिली नाही.