उद्घाटन न झालेलं बाकडं

"बा, उठो. साहेब आवे छे."

नव्या बसस्टॉपच्या बाकड्यावर बसलेल्या आईला वाटलं, साहेबांना बसायला जागा हवी असेल. ती थोडी सरकली. तिला उठवणारा वॉकीटॉकीवाला माणूस हसला. आमचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाला, "मावशी, बाकड्याचं उद्घाटन व्हायचंय अजून."

बाकड्याचं. उद्घाटन.

आईने कढीपत्त्याचं गाठोडं उचललं. माझ्या खांद्याला धरून उठली आणि दोरीपलीकडे जाऊन उभी राहिली. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. साहेब निवांत आले. नारळ फुटला, फीत कापली, फोटोपुरते ते बाकड्यावर टेकलेही. त्यांची गाडी बसच्या जागेवर उभी होती.

भाषणात कळलं, खंडेराव मार्केटच्या दारासमोरचा जुना स्टॉप बंद. चौकाच्या इतक्या जवळ स्टॉप नियमात बसत नाही. म्हणून हा नवा, पार पुढे. मी विचारलं, "साहेब, उतरणारी सगळी मार्केटचीच. ती ओझं घेऊन उलटी चालत जाणार?"

साहेब माझ्याकडे नाही, आराखड्याच्या फलकाकडे बघत म्हणाले, "बेन, प्लानिंगमां लागणी ना चाले."

लागणी म्हणजे भावना. आईच्या गुडघ्यांना त्यांनी भावना म्हटलं. टाळ्या पडल्या.

माझे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. सलाम आमच्या घरात रक्तातून येतो. मीही हात जोडले आणि मागे सरले.

दुसऱ्या दिवशी बस चौकात आली. सिग्नल लाल. बस थांबली ती नेमकी मार्केटच्या दारासमोर. आम्ही उठलो, तर कंडक्टरने दारात हात आडवा घातला.

"स्टॉप आगळ छे." आगळ म्हणजे पुढे.

"पण बस उभी आहे ना?"

"ऊभी छे. पण स्टॉप नथी."

मी थोडंफार तत्त्वज्ञान वाचलंय. असण्या-नसण्याचा इतका सूक्ष्म विचार कुठल्याही आचार्याने केलेला नाही. बस आम्हाला पुढे घेऊन गेली. आम्ही मागे चालत आलो. रोज. आई रोज उशिरा पोचू लागली, आणि एका सकाळी दाराजवळच्या तिच्या विक्रीच्या जागेवर दुसऱ्याच्या कोथिंबिरीच्या जुड्या मांडलेल्या होत्या. माझ्या जन्माआधीपासूनची जागा. आई उन्हात, स्कूटरींच्या रांगेशेजारी बसली.

घरी येऊन म्हणाली, "उद्यापासून राहू दे गं. नाही जमत."

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढून नेलं. सिग्नल लाल. हात आडवा. मी तो बाजूला केला. एक पाय पायरीवर ठेवला, एक रस्त्यावर.

"बेन, रूल छे!"

"असू दे. आई, उतर."

मागून भेंडीवाल्या काकी ओरडल्या, "जवा दे ने भाई, तारी बा होत तो?" त्याची आई असती तर?

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न. आई दांडी धरून एकेक पाय खाली ठेवत होती. मग काकी. मग गाठोडी, टोपल्या.

कंडक्टर रडवेला झाला. "मारी नोकरी जशे."

"साहेबांना सांग, बाईने पाय काढला नाही."

आईची जागा अजून परत मिळालेली नाही. त्या बाकड्यावर आता एक कुत्रं झोपतं. त्याला कोणी उठवत नाही. वॉकीटॉकीवाला मात्र दोनदा येऊन मला नियम ऐकवून गेला. मी हात जोडले नाहीत. घराण्यातला सलाम माझ्यापाशी संपला.

उद्याही सिग्नल लाल होईल. माझा पाय रस्त्यावर असेल. आईला मी घाई कर म्हणणार नाही. शेवटची टोपली उतरेपर्यंत तो पाय हलणार नाही.