टाचणीबाईंची निम्मी माफी

बाईंना पाठीमागे सगळे 'टाचणी' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. चर्चमधल्या गायकांचे झगे आणि वेदीवरची कापडं त्यांच्याच मशीनवर शिवली जात, आणि रविवारी मुलांना धर्मशिक्षणही त्याच देत. ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे साधं 'कसं काय' विचारलं तरी समोरच्याला टोचायचं.

तर या बाई प्रभूची प्रार्थना खणखणीत म्हणत, पण 'आम्ही जशी आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' इथे आल्या की तोंड मिटत. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू! कारण अख्ख्या गल्लीला पाठ होतं. आई गेल्यावर धाकट्या बहिणीने आईचा लग्नाचा झगा कापून आपल्या तान्हीसाठी बाप्तिस्म्याचं अंगडं शिवलं होतं. विचारलं नाही, सवरलं नाही. ती तान्ही आता कॉलेजात जाते, पण बहिणींचं बोलणं बंद ते बंदच.

एका रविवारी बाईंनी मुलांना त्रैक्य शिकवलं. तीन पेडांचा दोरा उलगडून दाखवला. "पिता, पुत्र, पवित्र आत्मा. पेड तीन, दोरा एक. झालं!"

दारात फादर उभे होते. मुलं पळाल्यावर म्हणाले, "बाई, पेड म्हणजे दोऱ्याचा तिसरा हिस्सा. पुत्र काही देवाचा तिसरा हिस्सा नाही. तो पूर्ण देव, पिता पूर्ण देव, आत्माही पूर्ण देव. आणि तरी देव एकच."

"मग तुम्हीच दाखवा काहीतरी."

"दाखवता आलं असतं तर इतकी वर्षं गप्प बसलो असतो का?" फादर हसले. "पण क्रुसावरून पुत्राने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली, तेव्हा पित्याच्या मनात वेगळं काही नव्हतं. क्षमा आली ती सगळ्या देवाकडून. तुमची ती ओळ कधी ऐकू येणार?"

बाई चपापल्या. "देवासमोर खोटं बोलू? निम्मी माफी दिलीय मी. मनातल्या मनात."

"निम्मी? मोजली कशाने?"

बाईंनी फणकाऱ्याने पिशवी उचलली. पण घरी गेल्यावर मशीनवर बसवेना. आपल्यालाही वरून निम्मीच मिळाली तर?

संध्याकाळी त्यांनी धाकटीचा जिना चढून दार ठोठावलं.

"तुला माफ केलं, एवढंच सांगायला आलेय."

"मागितली कोणी?" धाकटी दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

झालं! बाई गर्रकन वळल्या, दोन पायऱ्या उतरल्याही. खाली गल्ली त्यांच्याच बाजूने बोलली असती. पण क्रुसावर खिळणाऱ्यांनी तरी कुठे क्षमा मागितली होती? कठडा धरून त्या परत वर आल्या.

"नाही मागितलीस. तरी दिली. पूर्ण दिली."

धाकटीने स्टूल पुढे सरकवलं. "बस, ताई. धाप लागलीय तुला." आणि बाई टेकल्यावर हळूच म्हणाली, "कापताना खूप रडले होते गं. पोरीने आजीला पाहिलंच नव्हतं ना. तिच्या अंगाला आईचं काहीतरी लागावंसं वाटलं."

बाईंकडे बोलायला पुष्कळ होतं. वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेलं. त्यातलं एकही वाक्य त्यांनी बाहेर काढलं नाही. नुसता धाकटीचा हात धरून बसल्या.

खाली शेजारणी जिन्यापाशी कान लावून थांबल्या होत्या. भांडणाचा आवाज काही येईना, तशा हिरमुसून आपापल्या घरी गेल्या.