ओळंबा मिस्त्रीची चूक

आमच्या मिस्त्रीला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठते आहे का हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मिस्त्री स्वतः तो क्वचितच काढायचा. एक डोळा मिटून भिंतीकडे बघायचा आणि थापीच्या दांड्याने एखाद्या विटेला टिचकी मारायचा. मग मी दोरी सोडून तपासायचो. सत्तावीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तो विटा लावायचा, मी मागून गिलावा करायचो. तेवढ्या वर्षांत त्याची भिंत मला एकदाही वाकडी सापडली नाही. मी शोधत नव्हतो असं नाही.

वीट पाण्यात बुडवल्याशिवाय तो हातात घ्यायचा नाही. बुडबुडे थांबले की म्हणायचा, "प्यायली. आता लाव." सुकत आलेल्या मालात कुणी पाणी ओतून तो परत मळला, तर त्या माणसाला त्याच दिवशी कामावरून उठवायचा. बोलायचा कमी. नव्या जागेवर पहिल्या सकाळी दोन गोष्टी ठरवायचा: पायाचा कोपरा आणि किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा. जमिनीत खिळा ठोकायचा, सावली बघायचा, दोरी ताणायचा आणि खडूने रेघ मारायचा. दुपारी नमाजाला उभे राहताना आमच्यातला कुणी जरा तिरका उभा राहिला तर खांद्याला धरून सरळ करायचा. एकदा एक बिगारी म्हणाला, "मिस्त्री, इथे पण ओळंबा लावता का?" मिस्त्री म्हणाला, "इथे तर आधी."

त्या वर्षांत आमच्या लोकांनी आपला कारभार आपल्या हातात मागायला सुरुवात केली होती. मागणारे तुरुंगात जात होते. मिस्त्रीचा जावई शाळेत शिकवायचा. त्याच्या पिशवीत छापलेले कागद सापडले आणि त्याला नेलं. किती वर्षांसाठी, ते कुणी सांगितलं नाही. मुलगी बापाकडे राहायला आली.

पुढे एक चपला शिवणारा सुटून आला. चहाच्या दुकानात बाकावर बसून तो सांगत होता. आत नेताना डोक्यावर पिशवी घालतात, जागेवर गरगर फिरवतात, मग खोलीत ढकलतात. खिडकी नाही. दिवा सारखा चालू. "दिशाच काढून घेतात हो माणसाची," तो म्हणाला. "आज मी इकडे तोंड करून नमाज पढलो, उद्या तिकडे. शेजारच्या खोलीतला भलतीकडेच. काही जणांनी सोडूनच दिलं. म्हणायचे, भिंतीलाच डोकं टेकायचं तर कशाला?"

इमामसाहेब तिथेच होते. म्हणाले, "दिशा कळत नसेल तर मन सांगेल तिकडे तोंड करावं. कबूल होते."

"अल्लाहला चालतं," मिस्त्री म्हणाला. "मला नाही चालत."

मला वाटलं, म्हातारा उगाच ताणतोय. चहा संपवून आम्ही कामावर गेलो.

दोन महिन्यांनी तुरुंगाची नवी इमारत निघाली. चाळीस खोल्या, मधून बोळ, दोन्ही बाजूंना वीस-वीस. गावातल्या एकूण एक गवंड्याने नाही म्हटलं. ओळंबा मिस्त्री हो म्हणाला. तो गेला म्हणून मी गेलो. का गेलास असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे दुसरं उत्तर नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारपासून मशिदीत त्याच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा रिकामी राहायला लागली. इमामसाहेब दर वेळी सांगायचे, "खांद्याला खांदा लावा, फट ठेवू नका." कुणी हलायचं नाही. डावीकडे मी जाऊन उभा राहायचो. उजवीकडची फट तशीच.

घरी मुलगी बोलायची नाही. डबा भरून द्यायची, तोही माझ्या हातात. एके सकाळी मात्र दारातूनच म्हणाली, "अब्बा, जावयाची खोली नीट बांधा हं. वारा नको यायला आत."

"नीटच बांधतोय," मिस्त्री म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

खोल्यांना गिलावा करायचा नव्हता, मी नुसता माल मळून द्यायचो. पाचव्या खोलीत मला ती वीट दिसली. सगळ्या विटा आडव्या, सांधे कापल्यासारखे, आणि त्यांत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर एकच वीट उभी.

"मिस्त्री, ही उभी का?"

"वाकडी आली होती. जुळवून घेतली."

मी विटांचा ढीग बघितला. एकही वाकडी नव्हती. मागच्या चार खोल्या बघितल्या. तिथेही एकेक उभी. मला राग आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस आता विटेवर ढकलतोय. दोन दिवस मी त्याच्याशी फारसं बोललो नाही. विचार केला असता तर कळलं असतं. बोळाच्या डाव्या बाजूच्या खोल्यांत ती वीट मागच्या भिंतीत होती, उजव्या बाजूच्या खोल्यांत दाराकडच्या. खोलीच्या मधोमध उभं राहून विटेकडे तोंड केलं, तर सगळ्या खोल्यांत तोंड एकाच बाजूला येत होतं. पण मी सांधे बघत होतो.

सव्वीस खोल्या झाल्या तेव्हा इंजिनिअर साहेब तपासणीला आला. बरोबर एक शिपाई होता, आमच्याच लोकांतला, म्हातारा. साहेब सव्विसाव्या खोलीत शिरला. माल ओला होता अजून. त्याने छडी त्या विटेवर टेकवली.

"ही काय भानगड आहे?"

मिस्त्री थापी खाली ठेवून उभा राहिला. "चूक झाली, साहेब. हल्ली दिसत नाही नीट."

हे शब्द त्याच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते.

साहेब हसला. "थकलास बाबा. उद्यापासून घरी बस. दुसरा बघतो आम्ही."

तिथे संपलं असतं. मिस्त्री घरी गेला असता, सव्वीस विटा जागेवर राहिल्या असत्या. मी कोपऱ्यात माल मळत होतो. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. काल आलेला हा माणूस त्या भिंतीला नावं ठेवतो, आणि मिस्त्री मान खाली घालून ऐकून घेतो. मी फावडं टाकलं.

"साहेब, थकला असेल, पण चुकणारा नाही. सत्तावीस वर्षांत याची एक वीट इकडची तिकडे झालेली नाही. कुणालाही विचारा."

साहेब वळला. "चुकत नाही?"

"नाही."

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. भिंतीकडे बघायचा तसं, एक डोळा बारीक करून.

साहेब पंचविसाव्या खोलीत गेला. मग समोरच्या. मग एकेक करत बोळाच्या टोकापर्यंत. परत आला तेव्हा चालणं सावकाश झालं होतं. शिपायाला म्हणाला, "नमाजाला तोंड कुठे करता रे तुम्ही?"

शिपायाने खाली बघितलं. साहेबाने पुन्हा विचारलं. शिपायाने हात वर केला. हात त्या विटेकडे होता.

तेव्हा मला कळलं.

मिस्त्रीने थापी पुसली आणि माझ्यापुढे धरली. "अर्धं घमेलं माल आहे," म्हणाला. "वाया घालवू नकोस." मग त्याला नेलं. मी तो माल वापरला. दुसरं काय करणार होतो?

एकोणीस दिवसांनी त्याला परत दिलं. कागदावर लिहिलं होतं, हृदय बंद पडलं. मयताला आंघोळ घालणाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती, हातात धरवत नव्हती." का नेलं होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तुरुंगात मेला म्हणून जनाजाला गाव लोटला. उजवीकडे फट नव्हती, डावीकडे नव्हती. मला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली.

साहेबाने ठरवलं, विटा काढत बसायला वेळ नाही, सगळ्या खोल्यांना गिलावा करा. उरलेल्या चौदा खोल्या बाहेरून आणलेल्या गवंड्यांनी बांधल्या, एकही वीट उभी न ठेवता. गिलाव्याला मला ठेवलं. "तू खरं बोलणारा माणूस आहेस," साहेब म्हणाला. "माशी घसरली पाहिजे असा कर."

मी हो म्हटलं. आता मशिदीत माझ्या दोन्ही बाजूंना फट राहायला लागली. इमामसाहेब सांगायचे, खांद्याला खांदा लावा. कुणी हलायचं नाही. मिस्त्रीने ते कसं सोसलं हे मला तेव्हा समजलं. गप्प राहायचं होतं, म्हणून सोसलं. बोलला असता तर सव्वीस विटांची बातमी चहाच्या दुकानापासून साहेबाच्या टेबलापर्यंत पोचायला दोन दिवस पुरले असते.

मी डब्यातून मीठ न्यायला लागलो. कांद्याबरोबर, पुडीत. फाटकावरचा शिपाई रोज पुडी उघडून बघायचा. एकदा म्हणाला, "एवढं मीठ? बायको अळणी रांधते का?"

"अळणीही रांधते आणि विचारलं तर लाटणंही दाखवते," मी म्हणालो. तो हसला आणि पुडी परत दिली.

गिलाव्यात मीठ गेलं की भिंतीला लोणा लागतो. हवा दमट झाली की पांढरी फुलं येतात, पापुद्रा सुटतो. गिलावा करणाऱ्याला यासारखी लाज नाही. मी उभ्या विटेवर तळहाताएवढ्या जागेत मिठाचा माल भरायचो आणि भोवती चांगला. वरून रंधा फिरवून सगळं एक करायचो. उरलेल्या चौदा खोल्यांत वीट नव्हती, तिथे जागा मी पावलांनी मोजून काढली. तीनदा मोजली. चाळीस खोल्यांना दोन महिने लागले. साहेबाने बोट फिरवून बघितलं आणि पाठ थोपटली.

लोणा लागला की नाही, हे कळायला सहा वर्षं गेली. राज्य त्यांचंच राहिलं, अजून आहे. जावई सुटला. त्याचे दात गेले होते आणि तो उजेडात डोळे मिटून बसायचा. मी भेटायला गेलो. मुलीने चहा दिला. मला ती लहानपणापासून चाचा म्हणते. बाप गेल्यावरही म्हणायची, पण तेवढंच.

जावई सांगत होता. जुन्या इमारतीत मिस्त्री त्याच्या शेजारच्या खोलीत होता. मध्ये सांडपाण्याचा पाइप. "अब्बा त्या पाइपातून बोलायचे. नव्या इमारतीत नेतील तेव्हा उभी वीट शोधा, तिकडे तोंड करा. सगळ्यांना सांगा. आणि गेलो तर काय, गिलावा! मी नखाने भिंत चाचपली. कुठेच काही लागेना."

मुलगी दारात उभी होती. "अब्बांनी विटा लावल्या होत्या? त्यासाठी गेले होते ते?"

"त्यासाठीच. ऐक तर. दमट दिवस आले आणि भिंतीला लोणा धरला. एकाच जागी, एवढासा. पलीकडच्याला विचारलं, त्याच्याकडेही. त्याच्या पलीकडेही. तेव्हा आमच्या लक्षात आलं." तो बोळक्या तोंडाने हसला. "कुणीतरी कामचुकार गिलावेवाला! अल्लाह त्याचं भलं करो."

"तो मी," मी म्हणालो.

मिठाचं सगळं सांगितलं. जावयाने माझा हात दोन्ही हातांत धरला. मुलगी जवळ येऊन बसली, डोळे पुसत होती. तिथे थांबलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. त्या दिवशीचा म्हातारा शिपाई मरून गेला होता. पण अर्धं काम मिस्त्रीने कधी सोडू दिलं नाही. मी सव्विसाव्या खोलीतलं बोलणं सांगितलं. शब्दाला शब्द.

जावयाने हात सोडला नाही. पण पकड सैल झाली.

"अब्बा म्हणाले होते, चूक झाली?" मुलीने विचारलं.

"हो."

"आणि साहेब त्यांना घरी पाठवत होता?"

"हो."

"मग तुम्ही कशाला बोललात, चाचा?"

मी पुष्कळ वर्षं या प्रश्नाचं उत्तर जुळवत होतो. 

"भिंत चांगली होती," मी म्हणालो.

 ती उठली आणि माझ्यापुढचा कप उचलून आत घेऊन गेली. त्यात अजून चहा होता.